काळं आतडं, पांढरे ठिपके

१

मेलेल्या माणसाचं पोट खोटं बोलत नाही, असं दादाराव सोमकुवर नेहमी म्हणायचा. त्या मंगळवारी मात्र नितीनचं पोट उघडल्यावर त्याच्या हातातली सुरी थांबली.

सौंसरच्या सरकारी दवाखान्यामागे बाभळीच्या आडोशाला एका खोलीची इमारत आहे. गाव तिला चीरघर म्हणतं आणि तिच्यासमोरून जाताना पावलं जरा लांब टाकतं. डॉक्टर येतात, बदलून जातात. दादाराव मात्र तिथे एकतीस वर्षं चीरफाड करत होता. निवृत्त झाल्यावरही त्यालाच बोलावत, कारण त्या कामाला दुसरं कोणी पुढे येईना. डॉक्टरांनी दाराशी उभं राहून लिहायचं आणि दादारावने कापून दाखवायचं, अशी तिथली रीत होती. नव्या आलेल्या डॉक्टर सुचिता तेवढ्या टेबलाजवळ येत.

टेबलावरचा नितीन चौतीस वर्षांचा होता. दादारावच्याच वस्तीतला, संत्रं तोडायला जाणारा मजूर. सोमवारी सकाळी बागेत झाडाखाली बसल्या बसल्या गेला. अंगावर साधा ओरखडा नव्हता.

लहान आतडं नेहमीसारखं फिकट निघालं. पण ते मोठ्या आतड्याला जिथे मिळतं, तिथे कोणी रेघ मारावी तसा रंग बदलला होता. त्या रेघेपलीकडे आतलं सगळं अस्तर काळंकुट्ट, आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. बल्बच्या उजेडात ते अजगराच्या पाठीसारखं चमकलं. सुचितांनी नकळत पाऊल मागे घेतलं. दादारावला उगीच वाटलं की ते कातडं आता हलेल. इतक्या वर्षांत त्याच्या मानेवर असा काटा आला नव्हता.

त्याने एकेक गोष्ट दाखवली आणि सुचितांनी लिहून घेतली. फुफ्फुसं ओल्या फडक्यासारखी जड, दाबली तर फेस. मूत्राशय तट्ट भरलेलं. जठरात चहाखेरीज काही नाही. शेवटी त्यांनी 'विषबाधेची शंका' असं लिहून अवयवांचे तुकडे बरण्यांत भरायला सांगितले. ते प्रयोगशाळेत जाणार, आणि तिथून उत्तर यायला पाच-सहा महिने लागणार.

दादाराव हात धुऊन बाहेर आला, तर नितीनची आई चंद्रकला पायरीशीच बसली होती.

"भाऊ, काय होतं माह्या पोराच्या पोटात?"

चीरघरातली गोष्ट चीरघरातच ठेवायची, हा त्याचा नेम. पण म्हातारी वस्तीतली होती आणि त्याचं स्वतःचं मन थाऱ्यावर नव्हतं. तो बोलून गेला, "आतडं काळं पडलं होतं, बाई."

चंद्रकलेने मान वळवून सुनेकडे पाहिलं. अश्विनी भिंतीला टेकून बसली होती, पोर मांडीवर घेऊन.

"हिनंच चारलं," चंद्रकला म्हणाली. "दोन सालापासून रोज राती काळी पुडी देते त्याले. म्या डोयानं पाह्यलं."

२

वस्तीत बातमीला पाय नसतात, पंख असतात. दुपारपर्यंत नितीनच्या पोटात साप निघाला होता आणि संध्याकाळपर्यंत त्या सापाला पिल्लं झाली होती. कोणी करणी म्हणालं, कोणी विष. थानेदार शालिकराम घरी गेले. त्यांना स्वयंपाकघरातल्या फळीवर काळपट हिरव्या भुकटीचा डबा सापडला. अश्विनीने कबूल केलं की हो, मीच देत होते, पोटाचं चूर्ण आहे. शालिकरामांनी तिला ठाण्यात बसवलं. चंद्रकलेने नात ओढून घेतली आणि दाराला कडी घातली.

शालिकराम माणूस वाईट नव्हते, पण त्यांनाही वरून विचारणा होती. दोन दिवस चौकशी करतो, मग अटक दाखवावी लागेल, असं त्यांनी दादारावला सांगितलं. अटक झाली की छिंदवाड्याचं जेल. प्रयोगशाळेचं उत्तर येईस्तोवर तिने तिथेच राहायचं आणि पोरीने आई नसल्यासारखं वाढायचं.

एकतीस वर्षं दादारावने जीभ आवरली आणि एकदाच सुटली, ती एका बाईचं घर मोडून. आपल्या शब्दाने लागलेली आग आपणच विझवायची, एवढं त्याला कळत होतं. पाणी कुठून आणायचं ते कळत नव्हतं.

खाटेवर पडल्या पडल्या त्याला पांढुर्ण्याचे हेडमास्तर आठवले. सतरा वर्षांपूर्वी, मालगाडीखाली सापडलेले, साठी उलटलेले गृहस्थ. त्यांचंही आतडं असंच निघालं होतं, काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर बिडी पेटवत म्हणाले होते की दादाराव, घाबरू नको, मास्तर जन्मभर सोनामुखी खात होते, तिचाच हा रंग. सोनामुखी म्हणजे जुलाबाचा पाला. त्याने आतडं रंगतं, माणूस मरत नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी तो सुचितांच्या दाराशी उभा होता. त्यांनी ऐकून घेतलं, पुस्तक काढलं आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"मेलॅनोसिस कोलाय," त्या म्हणाल्या. "सोनामुखीसारखी औषधं महिनोन्‌महिने घेतली की मोठ्या आतड्याचं अस्तर काळं होतं. लहान आतड्याचं होत नाही, म्हणूनच ती रेघ. औषध बंद केलं की वर्षभरात रंग उतरतो. मी हे फक्त परीक्षेपुरतं वाचलं होतं, दादाराव." मग पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, "म्हणजे चूर्णाने तो गेला नाही. मग गेला कशाने?"

"ते मंगच्या मंग, मॅडम. मले पयलंच कोडं सुटून नाई राहिलं. हेडमास्तर बसून राहणारा म्हातारा होता. हा जवान गडी, भाकर-भाजी खाणारा, दिवसभर शिडीवर चढउतर करणारा. याचं पोट दोन साल बांधून कोणी ठेवलं?"

३

अश्विनी ठाण्याच्या ओसरीवर बसून होती. रडून झालं होतं, आता ती नुसती समोर पाहत होती. दादारावने तिला बिस्किटचा पुडा दिला आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

दोन वर्षांपूर्वी नितीन दिलीप ठेकेदाराच्या टोळीत लागला, तेव्हापासूनचं हे. आधी पोटाचं नाव नव्हतं. टोळीत गेल्यावर आठ-आठ दिवस पोट साफ होईना. सौंसरच्या बाजारातून चूर्ण आणलं, रात्री एक चमचा, की सकाळी मोकळा. बाकी तक्रार काही नाही. उलट पहाटेपासून राबायचा आणि थकायचा नाही. घरी येऊन चार घास खायचा, अंग खाजवत बसायचा, आणि बोलता बोलता डोळे मिटायचा.

मग घरकुलाचा स्लॅब टाकला. स्लॅबला पाणी मारायला नितीन नऊ दिवस घरी राहिला आणि दुसऱ्या दिवशीच त्याला धरलं. जांभयांवर जांभया. नाकाडोळ्यांतून पाणी. अंगावर कोंबडीच्या कातड्यासारखा काटा, पाय आपोआप झटकायचे, आणि खाटेवर तळमळत एकच पालुपद, मला बागेत जाऊ दे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेलं ते घर, पण आईचा जीव घाबरला. चंद्रकलेने त्याला गुपचूप चिंधू भगताकडे नेलं. भगताने चिमूटभर राख चाटवली आणि सांगितलं की बागेतलं काहीतरी याच्या मागे लागलंय, ते याला बोलावतंय, गेला तर परत येणार नाही.

"न तसंच झालं, काका," अश्विनी म्हणाली. "आठव्या दिवसापासून तो चांगला झाला होता. जेवला, पोरीसंग खेळला. दहाव्या दिवशी पहाटे उठून गेला, न गेलाच."

उन्हात बसूनही दादारावला गार वाटलं. भगताचं बोलणं खरं ठरावं, हे त्याला मुळीच मानवत नव्हतं. राखेचा तरी काय दोष, ती चाटवली चौथ्या दिवशी, मरण आलं दहाव्या. विष काही इतके दिवस थांबून राहत नाही. त्याने दुसरंच विचारलं. त्या नऊ दिवसांत चूर्ण किती दिलं?

"एक चमचा नाई. द्यावं कायले? त्याले तं तवा हगवण लागली होती."

दादाराव बिस्किट मोडता मोडता थांबला. बागेत जातो तेव्हा पोट बांधलेलं. बाग सुटली की पोट सुटतं.

"काका," अश्विनी खाली पाहत म्हणाली, "मी एकटीच पुडी देत होती असं नाई. आपल्या वस्तीतून सात जण जातात त्या टोळीत. सातही घरी हाच डबा हाय."

४

बाग रामाकोना गावाच्या पलीकडे होती. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दादाराव आपल्या जुन्या लुनावर तिथे पोचला. नोव्हेंबरचं धुकं झाडांच्या कमरेपर्यंत उभं होतं आणि वर नुसती संत्री दिसत होती.

तोडीच्या टोळीचा गोंगाट अर्ध्या कोसावरून ऐकू येतो, हे या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. थट्टा, शिव्या, मोबाइलवरची गाणी. इथे तीसेक माणसं होती आणि आवाज होता फक्त कैच्यांचा. माणसं शिड्यांवर चढत होती, उतरत होती, टोपल्या ओतत होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. हात चालत होते आणि डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या वस्तीतल्या दोघांनी त्याला पाहिलं आणि न पाहिल्यासारखी मान फिरवली. मग दादारावच्या लक्षात आलं की सगळेच नाक खाजवताहेत. एक थांबला की दुसरा, दुसरा थांबला की तिसरा. जिवंत माणसांना भिण्याची त्याला सवय नव्हती. त्या सकाळी तो भ्याला.

बांधावर चुलीपाशी वच्छला नावाची म्हातारी मोठ्या गंजात चहा उकळत बसली होती. टोळीचा चहा तीच करायची. दादारावने कामाला आलोय असं सांगितलं. तिने फडक्यातून चहा गाळला आणि गिलास अर्धाच भरून दिला.

त्याने हसत विचारलं की माय, पाहुण्याला अर्धाच का.

"नव्याले अर्धाच. जुन्याले दोन गिलास. नव्याले दोन देले तं झेपत नाई, झोपूनच राह्यते."

"न नितीनले?"

"तो दोनवाला. जुना गडी." म्हातारीने चुलीतलं लाकूड उगाच सारलं. "सोमवारी आला तं म्हणे, माय, नऊ दिवसाचा उपाशी हावो, अजून दे. मंग तिसरा देला."

पुढचं तिने विचारल्याशिवायच सांगितलं. तिच्या मनातही ते सलत असावं. चहा पिऊन नितीन झाडाखाली बसला आणि घोरू लागला. घोरणं तरी कसं, एक श्वास आला की दुसरा येईल की नाही याची वाट पाहावी लागायची. तिने वाकून पाहिलं, तर डोळे अर्धे उघडे आणि बाहुल्या मोहरीएवढ्या. थंडी होती म्हणून गड्यांनी त्याच्या अंगावर पोतं टाकलं आणि काम चालू ठेवलं. दहा वाजता कोणीतरी पोतं उचललं तेव्हा तो गार झाला होता.

गाळलेला चोथा चुलीमागे राखेत फेकलेला होता. म्हातारी गंज हलवायला वळली तशी दादारावने त्यातून एक तुकडा उचलला. चहापत्ती नव्हती ती. सुकलेल्या बोंडाचं साल होतं, टोकाला डाळिंबासारखा बारीक मुकुट. त्याने ते खिशात टाकलं आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला.

"काका," दिलीप ठेकेदार गोड आवाजात म्हणाला, "चहा थंडा होऊन राहिला. पिऊन घ्या."

५

दिलीप समोर उभा होता आणि त्याच्यामागे शिड्यांवरून सगळ्यांचे अर्धमिटले डोळे खाली पाहत होते.

"मले शुगर हाय, बाबू," दादाराव म्हणाला. "तुमच्या माईनं साखर लय टाकली." त्याने गिलास अलगद बांधावर ठेवला आणि लुनाकडे चालू लागला. पाठीवर नजरा टोचत होत्या. लुना दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा चालू झाली.

ठाण्यात शालिकरामांनी ते साल चिमटीत धरलं आणि खुर्चीत सरळ झाले. चार वर्षं त्यांनी मंदसौरकडे नोकरी केली होती. "डोडा आहे हा," ते म्हणाले. "अफूच्या बोंडाची टरफलं. तिकडे शेताशेतात दिसतात."

दुपारी ठाण्यात दिलीप होता, वच्छला होती, सुचिता आपलं पुस्तक घेऊन आल्या होत्या. कोपऱ्यात अश्विनी. बागेतून डोड्याचं अर्धं पोतं निघालं होतं, त्यामुळे चहाबद्दल दिलीपने हात झटकले नाहीत. गडी थकत नाहीत, अंग दुखत नाही, दुपारच्या आत ट्रक भरतो, असं त्याने सरळ सांगितलं. मरणाचं मात्र त्याने साफ नाकारलं.

"तीस गडी तोच चहा पितात, साहेब, दोन सालापासून. बाकीचे एकोणतीस ठणठणीत हायेत. चहानं मेला म्हणता, तं एकटाच काहून मेला? बाईनं घरून काय चारलं ते पाहा न."

शालिकरामांनी दादारावकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता.

दादाराव उठला. मोठ्या लोकांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो चीरघरात दाखवायचा तसंच एकेक दाखवत गेला. अफू पोट बांधते. म्हणून टोळीतल्या सातही घरी चूर्णाचा डबा आला आणि त्या चूर्णाने आतडं काळं झालं. काळं व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणजे तो रंग मरणाचा नव्हता, सवयीचा होता. नऊ दिवस चहा बंद झाला तसं उलटं झालं, पोट सुटलं, जांभया, काटा, तळमळ. भगताला ते भूत वाटलं. बागेतलं काहीतरी बोलावत होतंच, ते या गंजात होतं. सुचितांनी मान डोलावली. जड फुफ्फुसं, फेस, तट्ट मूत्राशय, मोहरीएवढ्या बाहुल्या आणि अडखळता श्वास, हे सगळं अफूशी जुळतं, असं त्यांनी सांगितलं. प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं ते आजच लिहून कळवते, म्हणाल्या.

"पण एकटाच काहून?" दिलीपने पुन्हा विचारलं.

"वच्छलामाय," दादाराव म्हणाला, "नव्या गड्याले किती देता?"

"अर्धा."

"न तीन देले तं?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला. तिला उमजलं होतं.

"अंगाले सवय असते तवर तीन गिलास पचते," दादाराव म्हणाला. "सवय तुटली का नाई पचत. नऊ दिवसात नितीन नवा झाला होता, न तुमी त्याले जुन्याचा चहा देला."

"मी कायले मारीन माह्या चांगल्या गड्याले?" दिलीपचा आवाज पहिल्यांदा चिरकला.

"तुमी मारलं नाई. तुमी फक्त त्याच्याकडं पाह्यलं नाई. तो घोरत होता, तवा उचलून दवाखान्यात आणला असता तं आज बसला असता इथं. तुमी पोतं टाकलं."

शालिकरामांनी शिपायाला दार लावायला सांगितलं, आणि अश्विनीला म्हणाले, "बाई, तू घरी जा."

६

दादाराव तिला वस्तीपर्यंत पोचवायला निघाला. आगीवर पाणी पडलं म्हणून त्याला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. नव्या स्लॅबखाली, न गिलावा केलेल्या ओसरीवर चंद्रकला नातीला घेऊन बसली होती. बातमी त्यांच्याआधी पोचलेली होती. म्हातारी उठली, पोर सुनेच्या हातात दिली आणि तिथेच उभी राहिली. माफी मागायला तिला शब्द सापडत नव्हता, आणि अश्विनीनेही तो मागितला नाही.

पोरीच्या केसांवरून हात फिरवत अश्विनीने विचारलं, "काका, आतडं काळं झालं ते माह्याच हातानं न?"

नाही म्हणणं सोपं होतं. दादारावच्या ओठांवर आलंही होतं. पण एकदा बोलून चुकलेला माणूस दुसऱ्यांदा खोटं बोलून चुकायला तयार नव्हता.

"हो, बाई. तुह्याच हातानं. न तो रंग नसता, तं आमी हार्ट बंद पडलं म्हणून लिवलं असतं, न मी पोट शिवून देलं असतं. नितीन कशानं गेला हे कोणालेच समजलं नसतं."

तिने ते ऐकून घेतलं.

"मी पुडी देलीच नसती तं?" मग ती म्हणाली. "पोट बंद पडलं असतं. दवाखान्यात न्या लागलं असतं. डॉक्टरनं इचारलं असतं, काय खाते, काय पेते. दोन साल आधी समजलं असतं सगळं."

ती खरं बोलत होती, हे दादारावला कळत होतं. त्याला फार वाईट वाटलं. कायद्याने सुटलेली बाई स्वतःच्या मनातून कधी सुटणार, हे सांगणं त्याच्या हातात नव्हतं.

अश्विनीने पोर पुन्हा सासूच्या कडेवर दिली आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं चालली आता?" चंद्रकलेने विचारलं.

"सहा घरं राह्यली, माय."

ती पुढे आणि म्हातारी नातीला घेऊन मागे, अशा त्या निघाल्या. दादाराव कोपऱ्यावर थांबला. पहिलं दार उघडलं, आतून एक तरणी बाई डोकावली, हात पिठाचे. बागेत पोलीस आल्याचं तिने ऐकलं होतं, अश्विनीला पाहून ती घाबरली. अश्विनीने तिचा पिठाचा हात धरला.

"ताई, चहा बंद झाला. उद्यापासून तुहा माणूस लय आजारी पडन. घाबरजो नको, भगताकडं नेजो नको, दवाखान्यात आण, मी संग येतो," ती म्हणाली. "न आठ दिवसानं चांगला होईन, हसन, पोराईसंग खेळन. तवा त्याच्यावर खरा डोया ठेव. तवा एक डाव जरी तो चहा पेला, तं परत येत नाई."

ती बाई तशीच दारात उभी राहिली. अश्विनीने तिचा हात सोडला आणि शेजारचं दार वाजवलं.